वाडीच्या सभागृहाची किल्ली तुमच्या हातात आली असेल तर

शिमग्याच्या बैठकीत नवी कार्यकारिणी ठरते, टाळ्या होतात, आणि मावळते सचिव तुमच्या हातात किल्ल्यांचा जुडगा आणि कोपरे दुमडलेली एक वही ठेवून घरी जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी दारात उभे असते : "भाऊ, येत्या रविवारी हॉल मोकळा आहे का?" काय उत्तर द्यायचे, भाडे किती सांगायचे, भांडी कोण मोजून देणार, यातले काहीच तुम्हाला माहीत नसते.

मी मंडणगड तालुक्यातल्या एका वाडीचा. आधी खजिनदार होतो, मग सचिव झालो. आमच्याकडे कोणी याला सभागृह म्हणते, कोणी समाजमंदिर, म्हातारी माणसे अजून "मांडव" म्हणतात. चार जांभ्याच्या भिंती, वर पत्रा, पुढे पडवी, मागे स्वयंपाकाची शेड. एवढ्याशा जागेत वर्षभर लग्ने, भजन, बचत गटाच्या बैठका, पोलिओचे बूथ आणि मयताच्या कार्याची जेवणे होतात. ते चालवताना मी ज्या चुका केल्या आणि पाहिल्या, त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे क्रमाने लिहून काढतो आहे. सगळे कोकणातल्या अनुभवातून आलेले आहे. देशावर पावसाचा भाग बदलेल, कागदपत्रांचा आणि माणसांचा फारसा बदलणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. सभागृह बांधायला निधी मिळतो, देणगीदार मिळतात, उद्घाटनाला पाहुणेही मिळतात. पुढची तीस वर्षे ते उभे ठेवायला मात्र आसपासची पाच-सहा घरेच असतात. खालची प्रत्येक पायरी त्या घरांवरचा भार हलका करण्यासाठी आहे.

१. इमारत कोणाची, हे आधी कागदावर शोधा

"आपलीच आहे" हे उत्तर पुरत नाही. माझ्या पाहण्यात तीन प्रकार आहेत.

पहिला, ग्रामपंचायतीची इमारत. आमदार निधी, खासदार निधी, जिल्हा परिषदेची योजना किंवा सगळ्यांच्या तोंडी असलेले "पंचवीस-पंधरा" लेखाशीर्ष (ग्रामविकास विभागाचा निधी), यांतून बांधलेली वास्तू सार्वजनिक मालमत्ता असते. वाडी ती वापरते आणि सांभाळते, पण मालकी वाडीची नसते. दुसरा, वाडीच्या मंडळाने वर्गणीतून बांधलेली. तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत नाजूकही असतो : जमीन कोणा एका घराची, आजोबांनी तोंडी दिलेली, आणि वर इमारत सगळ्यांची.

आजोबांचा शब्द आजोबा असेपर्यंत चालतो. नातवंडे वाटणीला बसली की तो गुंठा त्यांच्या नजरेत येतो, आणि त्यात त्यांचाही दोष नसतो, कारण सातबारावर त्यांचीच नावे असतात. स्थावर मालमत्तेचे दान नोंदणीकृत बक्षीसपत्रानेच होते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ प्रमाणे त्यावर देणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार लागतात. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलेले संमतिपत्र बक्षीसपत्राची जागा घेत नाही. देणारे घर अजून राजी असेल, तर बाकीची सगळी कामे बाजूला ठेवा आणि हे आधी करून घ्या. कोकणात एका सातबारावर वीस-वीस सहहिस्सेदार असतात, त्यातले निम्मे मुंबईला. सगळ्यांच्या सह्या मिळायला मे महिना आणि गणपती हे दोनच हंगाम.

या पायरीवर जमवायचे कागद :

- जमिनीचा सातबारा. जागा गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका. (२०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली आहे. तुमच्या गावची पत्रिका निघाली का, ते भूमी अभिलेख कार्यालयात विचारा.)
- ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीचा) उतारा
- बांधकामाला मंजुरी देणारा आदेश आणि ग्रामसभेचा ठराव
- काम पूर्ण झाल्याचा दाखला, आणि इमारत कोणाच्या ताब्यात दिली त्याचा कागद
- वीजबिल. मीटर कोणाच्या नावावर आहे ते नीट पाहा. आमचा मीटर वारलेल्या एका अध्यक्षांच्या नावावर बरीच वर्षे चालला होता.

इमारत ग्रामपंचायतीची निघाली तर नाराज होऊ नका. देखभाल आणि वापर वाडीच्या मंडळाकडे राहील, अशा स्पष्ट शब्दांत ठराव करून घ्या आणि त्याची नक्कल फाइलला लावा. सरपंच बदलले की हाच कागद उपयोगी पडतो.

२. मंडळाची नोंदणी आणि फेरफार अहवाल

मंडळ नोंदलेले नसेल तर बँक खाते नीट उघडत नाही, आणि सगळा व्यवहार कोणाच्या तरी खासगी खात्यातून होतो. माणूस कितीही सरळ असो, त्याच्यावर असा भार टाकू नये.

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात अशी संस्था पुढे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदवावी लागते. हे काम धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात होते. सोबत न्यायचे ते असे : संस्थेची घटना आणि नियमावली, सभासदांची आणि कार्यकारिणीची यादी, प्रत्येकाचे ओळखपत्र, नोंदणीच्या पत्त्याचा पुरावा आणि त्या जागेच्या मालकाचे ना-हरकत पत्र. घटना लिहिताना दुसऱ्या मंडळाची जशीच्या तशी उतरवू नका. आमच्या घटनेत "तालीम व व्यायामशाळा चालविणे" असा उद्देश कित्येक वर्षे होता, आणि सभागृहाचा एका शब्दाने उल्लेख नव्हता.

आता सापळा. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत फेरफार अहवाल दाखल करायचा असतो. बहुतेक वाड्या हे करत नाहीत. बैठकीत नावे ठरतात, नारळ फुटतो, आणि धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी वीस वर्षांपूर्वीचीच माणसे राहतात. आम्ही बँकेत सह्या बदलायला गेलो तेव्हा दप्तरी असलेल्या सातांपैकी तिघे हयात नव्हते. मधले सगळे बदल एकामागून एक दाखल करायला आम्हाला दीड वर्ष लागले. म्हणून बैठक झाली की त्याच आठवड्यात इतिवृत्ताची नक्कल काढा, नव्या लोकांची संमतिपत्रे घ्या आणि अहवाल वकिलाकडे द्या.

हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते. हिशेबपत्रके वेळच्या वेळी करून घ्या. मंडळाच्या मालकीची इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने कोणाला भाड्याने द्यायची, किंवा विकायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मोबाइल टॉवरवाले किंवा गोदामवाले चांगली रक्कम घेऊन येतात तेव्हा ही गोष्ट आठवणीत असू द्या.

३. किल्ली कोणत्या घरात ठेवायची

या पायरीवर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण माझ्या मते सभागृहाचे अर्धे भवितव्य इथे ठरते.

आमच्याकडे पहिली काही वर्षे किल्ली अध्यक्षांकडे असायची. तो मान समजला जायचा. एका आषाढात ते मुलाच्या आजारपणासाठी पनवेलला गेले, आणि जुडगा त्यांच्या पिशवीतच गेला. त्याच आठवड्यात वाडीत एक मयत झाले. रात्रीची वेळ, झडीचा पाऊस, बाहेरगावची माणसे आलेली. सगळी पडवीत दाटीवाटीने उभी. शेवटी कुलूप तोडले. त्या रात्री एका म्हाताऱ्या आत्याबाई ओल्या लुगड्यानिशी तीन तास भिंतीला टेकून बसल्या होत्या. ते चित्र मला अजून विसरता येत नाही.

तेव्हापासून किल्ली सभागृहाला लागून असलेल्या घरात असते. त्या घरातल्या काकू कधी कोणत्या पदावर नव्हत्या. वारा सुटला की खिडक्या लावायला त्या जातात. नळ गळतो, दिवा रात्रभर जळतो, पाठीमागच्या शेडमध्ये कुत्रीने पिले घातली आहेत, हे सगळे आधी त्यांना कळते. कोणते टोप कोणाकडे गेले, हे वहीआधी त्यांच्या डोक्यात असते. पंधरा वर्षांत त्यांचे नाव एकाही ठरावात आले नव्हते. मी सचिव झाल्यावर पहिला ठराव त्यांच्या नावाने आभाराचा मांडला, तर त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा पडवीतला दिवा बदला, मला रात्रीचे दिसत नाही." दिवा त्याच दिवशी बदलला.

किल्ली द्यायचे घर निवडताना हे पाहा :

- घरात दिवसा कोणीतरी असते का? पद, मान, शिक्षण यांचा इथे संबंध नाही.
- त्या घराचे वाडीतल्या सगळ्यांशी बोलणे आहे का? एका घराशी जरी अबोला असेल, तर ते घर किल्ली मागायला येणार नाही आणि हळूहळू सभागृहाकडेच पाठ फिरवेल.
- त्या घराची मनापासून तयारी आहे का? बैठकीत सर्वांसमोर विचारू नका. नकार देणे जड जाते. घरी जाऊन विचारा.

किल्ल्यांचे दोन संच करा. दुसरा वाडीच्या दुसऱ्या टोकाला. इमारत ग्रामपंचायतीची असेल तर तिसरा संच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) सही घेऊन द्या. प्रत्येक किल्लीला पत्र्याची चकती लावा : मुख्य दार, शेड, भांड्यांची खोली, मीटरपेटी.

आणि किल्लीच्या घराकडे पैसे ठेवू नका. भाडे, अनामत, वर्गणी सगळे खजिनदाराकडे. काकूंकडे फक्त किल्ली आणि वही. पैसे आले की संशय येतो, आणि संशयाने असे घर एकदा दुखावले की पुन्हा तयार होत नाही. मानधन द्यावे का, यावर आमच्याकडे वाद झाला. त्यांनी नको म्हटले. आता दरवर्षी त्यांच्या घराची पावसाळ्यापूर्वीची कौले चाळायला वाडीतली पोरे जातात.

४. वही, दर आणि भांडी

वही शंभर पानी, पुठ्ठ्याची, पेन दोरीने बांधलेला. रकाने एवढेच : तारीख, कोणाच्या नावाने, कशासाठी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, अनामत, भांडी दिली, भांडी परत आली, सही. व्हॉट्सअॅपवरच्या "ओके दादा" ला नोंद समजू नका. मे महिन्यातल्या एकाच तिथीला दोन लग्ने आमच्याकडे अशीच ठरली होती. मुंबईतल्या एका भावाने फोनवर हो म्हटले होते, गावातल्या दुसऱ्याने तोंडी. तेव्हापासून नियम झाला : वहीत सही झाली तरच तारीख पक्की, मग माणूस मुंबईत असो वा दुबईत. त्याच्या वतीने गावातल्या कोणीतरी येऊन सही करायची.

कोणाला आधी द्यायचे हे लिहून भिंतीवर लावा. आमचा क्रम असा : आपत्ती आणि मयत पहिले, त्यासाठी कोणतीही आधीची नोंद थांबते. त्यानंतर सरकारी काम, म्हणजे मतदान, लसीकरण, आरोग्य शिबिर. नंतर वाडीचे सार्वजनिक कार्यक्रम, मग वाडीतल्या घरांची कार्ये, शेवटी बाहेरच्यांची. मयताच्या कार्याला भाडे घेत नाही. विजेचेही नाही.

दर ठरवताना लोक शेजारच्या गावाचा दर विचारून तोच लावतात. तसे करू नका. मागच्या वर्षाचे वीजबिल, झाडलोट, पाण्याची मोटर, पावसाळ्यापूर्वीची डागडुजी यांची बेरीज करा, वर्षातल्या कार्यक्रमांच्या संख्येने भागा, आणि त्यावर थोडे ठेवा. वाडीतल्या घरांना कमी, बाहेरच्यांना जास्त. अनामत सगळ्यांना सारखी. ओळखीच्याला अनामत माफ केली की पुढच्याला मागताना तोंड उरत नाही.

भांड्यांवर वाडीचे नाव यंत्राने कोरून घ्या आणि टोप, झाकण्या, पराती, कढया, झारे, पळ्या, ताटे, पेले यांची मोजून यादी करा. देताना आणि घेताना दोन्ही वेळा मोजायचे. सर्वांत जास्त हरवतात पळ्या आणि ओगराळी. टोप कधीच हरवत नाहीत.

रात्रीच्या आवाजाबद्दल : ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत लाउडस्पीकर लावता येत नाही. बंद सभागृहात, आतल्या लोकांपुरत्या वापराला सूट आहे. पण पडवीत ठेवलेला डीजे "बंद जागेत" मोडत नाही, हे वरपक्षाला आधीच सांगा. शासन वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त १५, मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. ते दिवस कोणते, हे दरवर्षी पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

५. वर्गणी, मुंबईकर आणि हिशेबाचा फळा

कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक वाडीचे मुंबईत एक मंडळ असते. सभागृहाचा पाया बहुतेक वेळा त्यांच्याच वर्गणीतून घातलेला असतो. त्यांचा आदर ठेवा, आणि दोन्हीकडचा हिशेब वेगळा ठेवा. मुंबईत जमलेले पैसे गावच्या खात्यात पावतीने आले पाहिजेत. कोणाच्या खिशातून परस्पर सिमेंटच्या दुकानात जाता कामा नयेत.

देणगीदार पंखा देतात, फरशी देतात, कमान देतात, कारण त्यावर नाव घालता येते. पत्र्याच्या बोल्टखालच्या वायसरवर कोणाचे नाव घालणार? म्हणून आम्ही मागणीच बदलली. गणपतीत मुंबईकर येतात तेव्हा "यंदाचा पावसाळ्याचा खर्च" अशी यादी फळ्यावर लिहितो : पत्र्याचे बोल्ट इतके, रंग इतका, वाळवीचे औषध, पन्हळीची दुरुस्ती. ज्याला जे जमेल ते त्याने उचलायचे. नाव फळ्यावर वर्षभर राहते. सगळे एका दिवसात उचलले जाते असे नाही, पण दोन वर्षांत आम्हाला त्यासाठी वेगळी वर्गणी काढावी लागलेली नाही.

खात्यावर दोन सह्या, त्यातली एक कायम गावात राहणाऱ्याची. प्रत्येक खर्चाला बिल. बिल मिळत नाही तिथे, जसे गड्याची मजुरी, साध्या कागदावर रक्कम लिहून त्याची सही. शिमग्याला हिशेब वाचून दाखवा आणि तोच कागद पडवीतल्या फळ्यावर महिनाभर ठेवा. बैठकीत माना डोलावणारे फळ्यासमोर एकटे असताना नीट वाचतात, आणि मग खरे प्रश्न येतात. येऊ द्यात.

मंडळ अजून नोंदलेले नसेल आणि एखाद्या कामासाठी सार्वजनिक वर्गणी काढायची असेल, तर १९५० च्या कायद्यात तात्पुरत्या परवानगीची सोय आहे (कलम ४१ क). पावतीपुस्तके छापण्याआधी ती घ्या.

६. मृग लागण्याआधीची कामे

आमच्या पट्ट्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पावसाळ्यात दुरुस्ती होत नाही, फक्त बादल्या ठेवता येतात. म्हणून मेचा दुसरा रविवार आमचा श्रमदानाचा दिवस आहे. त्या दिवशी चाकरमानी गावात असतात, अंगमेहनतीला हात मिळतात.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, आणि दापोली-मंडणगडात दुपारपर्यंत घरांची छपरे उडाली. आमच्या सभागृहाचे समुद्राकडच्या कडेचे पत्रे गेले, मधले राहिले. नंतर एका जुन्या गवंड्याने दाखवले तेव्हा कळले : वारा पत्र्याला वर ओढतो, आणि त्याची ओढ सर्वांत जास्त कडेला, कोपऱ्यात आणि आढ्यापाशी असते. आमचे बोल्ट सगळीकडे सारख्या अंतरावर होते. आता कडेच्या दोन ओळींत ते दुप्पट आहेत. ज्या घरांची कौले गेली होती त्यांतली तीन कुटुंबे पुढे कित्येक दिवस सभागृहाच्या उरलेल्या अर्ध्या भागात राहिली. एका बाजूला आभाळ, दुसऱ्या बाजूला चुली. त्या दिवसांत सभागृह म्हणजे काय ते वाडीतल्या पोरांनाही कळले.

छप्पर पाहण्याचा क्रम :

- बोल्ट सैल आहेत का, वायसर तडकले आहेत का. एका बोल्टचा वायसर गेला की गळती तिथून वाशावर येते आणि भलतीकडेच टपकते. ओल दिसते त्याच्या वरच्या बाजूला, चढाच्या दिशेने शोधा.
- आढ्यावरचे पत्रे किंवा कौले. माकडे इथेच नाचतात.
- पन्हळीतला पाला. एका पन्हळीत पाला साचला की पाणी मागे उलटून भिंतीत शिरते.
- सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांवर थेट पाय देऊ नका. वरून धड दिसतात आणि अचानक फुटतात. वाशांवर आडवी फळी टाकून फळीवरूनच चाला. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते, म्हणून ते कापू नका, घासू नका. फुटलेला तुकडा ओला करून उचला.

जांभ्याच्या भिंतीला बाहेरून पाणी लागत राहिले की दरजा उघडतात. दरजा भरून घ्या, आणि पावसाच्या बाजूला पडवीला झापांचा आडोसा बांधा. भिंतीच्या पायथ्याशी लाकडे, शेणी, जुना मांडव रचून ठेवू नका, वाळवी तिथूनच वर चढते. जोत्याभोवती पाणी वाहून जाईल असा उतार आणि चर काढा.

वीज : मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. ओल्या भिंतीच्या इमारतीत जीव वाचवणारी ती एकच वस्तू आहे. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबा, ताबडतोब पडला पाहिजे. अर्थिंग तपासून घ्या. लग्नातला मंडपवाला मीटरपेटीतून थेट वायर ओढायला बघेल, त्याला ठाम नाही म्हणा. रोषणाईसाठी त्याने स्वतःचा जनरेटर आणायचा, हा आमचा नियम वहीच्या पहिल्या पानावर आहे.

जवळ ठेवायचे सामान : शिडी, जाड दोर, दोन लांब फळ्या, बोल्ट आवळायचे पाने, पत्र्याचे जादा बोल्ट-वायसर, ताडपत्री, टॉर्च, कोयता, फावडे, घमेली, प्रथमोपचाराची पेटी, आणि स्वयंपाकाच्या शेडपाशी अग्निशामक. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, ते श्रमदानाच्या दिवशीच पाहायचे. छपरावर दोनच माणसे चढतील आणि एक खाली शिडी धरून उभा राहील. उत्साहात दहा जण छपरावर जातात, ते थांबवणे हे तुमचे काम.

७. दार कोणाला बंद होता कामा नये

हा विषय बैठकीत कोणी काढत नाही, म्हणून तुम्हाला माहीत असायला हवा.

गावकीत भांडण झाले, कोणी निवडणुकीला विरोधात उभा राहिला, कोणी दुसऱ्या जातीत लग्न केले, की "यांना हॉल द्यायचा नाही" असे ठरते. कोकणाने वाळीत टाकण्याच्या प्रकारांनी पुष्कळ घरे उद्ध्वस्त होताना पाहिली आहेत. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारापासून संरक्षणाचा कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार म्हणून सभागृहासारख्या सोयीपासून कोणाला दूर ठेवणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जातीवरून अडवले तर नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ आहेच. बहिष्काराचा ठराव करण्यासाठी सभागृहात बैठक मागितली, तरी ती देऊ नका. वहीत "कशासाठी" हा रकाना ठेवण्याचे एक कारण हेही आहे.

आणि बायका. आमच्या सभागृहात बरीच वर्षे पुरुष आत बसायचे आणि बायका शेडमध्ये. बदल एका साध्या गोष्टीने झाला : दोन बचत गटांना दर महिन्याचे दोन ठरलेले दिवस वहीत कायमचे लिहून दिले. बैठकीला बसू लागल्यावर त्यांनी शौचालयाचे दार, पाण्याची टाकी आणि शेडमधला धूर हे तीन प्रश्न काढले, जे आमच्यापैकी कोणाला दिसलेच नव्हते. कार्यकारिणीत आज चार बायका आहेत. हिशेब त्यांच्याकडे आल्यापासून पळ्या हरवणे कमी झाले.

८. मोठ्या दुरुस्तीसाठी सरकारी निधी

श्रमदानाने छप्पर बदलत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात काम यायला हवे, आणि त्यासाठी ग्रामसभा. वर्षात किमान चार ग्रामसभा होतात. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला कमी असेल तो आकडा लागतो. वाडीतून वीस-पंचवीस माणसे गेली तर तुमचा विषय ऐकला जातो. एकटे सचिव गेले तर तो "पुढे पाहू" मध्ये जातो.

सोबत न्या : मालकीचा कागद, इमारतीचे सध्याचे फोटो, आणि नेमकी मागणी. "सभागृहाची दुरुस्ती" असे मोघम लिहिले की निधी दर्शनी कमानीवर जातो. "पश्चिमेकडील छपराचे पत्रे व वासे बदलणे" असे लिहा. अंदाजपत्रक पंचायत समितीच्या बांधकाम अभियंत्याकडून होते. ते मोजायला येतील त्या दिवशी स्वतः हजर राहा, आणि गळतीची जागा बोट लावून दाखवा.

आमदार-खासदारांकडे जाऊ नका असे म्हणत नाही. पण खासदार निधी वर्षाला ५ कोटी, आणि एका मतदारसंघात शेकडो गावे. त्यावर विसंबून पत्रे उडेपर्यंत वाट पाहत बसू नका. काम मंजूर झाले तर फलकावर कामाचे नाव, रक्कम आणि मुदत आली का ते पाहा, आणि शेवटचे देयक निघण्याआधी एका पावसाची परीक्षा घेता येईल असे बघा. न जमल्यास छपरावर पाइपने तासभर पाणी सोडून पाहा.

९. पुढच्याला देताना

तुमची मुदत संपते त्या शिमग्याला जुडगा आणि वही तशीच हातात ठेवून घरी जाऊ नका. एक दुपार काढा. नव्या सचिवांना घेऊन इमारतीभोवती एक फेरी मारा : हा बोल्ट मागच्या वर्षी बदलला, ही पन्हळ उलटी भरते, हा नळ डावीकडे फिरवला तरच बंद होतो. भांडी त्यांच्यासमोर मोजा आणि दोघांच्या सह्या घ्या. फाइलमधले कागद एकेक वाचून दाखवा. फेरफार अहवालाच्या ९० दिवसांची शेवटची तारीख वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

मग त्यांना शेजारच्या काकूंकडे घेऊन जा. किल्ली त्यांच्याकडे ठेवणे त्यांना अजून झेपते का, हे नव्या सचिवांनी स्वतः विचारायचे. मी गेल्या वर्षी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, गुडघे दुखतात, आता सूनबाई बघेल. त्यांच्याकडच्या संचाची चकती बदलून त्यावर सूनबाईंचे नाव घातले आहे.